कंत्राट देता येते, जबाबदारी देता येत नाही
(वाशी येथे विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



प्रतिवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च मांडतो. यंदा 'इमारत देखभाल' या सदराखालील खर्च मागील वर्षापेक्षा वाढलेला आपणांस दिसेल. त्यामागील कारण सांगण्याची अनुमती असावी.

गतवर्षी वैशाखात रुग्णालयामागील सेप्टिक टँक भरून वाहू लागला. आम्ही रिवाजाप्रमाणे तीन दरपत्रके मागविली आणि सर्वांत कमी दराचे मान्य केले. कार्यादेशात 'टाकी साफ करून देणे' एवढेच लिहिले होते. ती कशी साफ करावयाची, याविषयी एक अक्षरही नव्हते. ठरल्या दिवशी कंत्राटदाराचे दोन मजूर बादली, दोर आणि फावडे घेऊन आले. एकाने झाकण काढून आत पाय सोडलाही होता. आमच्या सफाई विभागातील एका मावशींनी ते पाहिले, धावत जाऊन त्यास थांबविले आणि मग आम्हांस बोलावणे आले. 'वीस वर्षे असेच काम करतो, आजवर काही झाले नाही,' असे कंत्राटदाराचे म्हणणे पडले. त्यास दोष देणे सोपे होते. परंतु कार्यादेशावर स्वाक्षरी आमची होती.

जुन्या आडात उतरण्यापूर्वी आत कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्याकडील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. सेप्टिक टँकजवळ मात्र हीच रीत घातक ठरते. तेथे मिथेन साचतो आणि तो ज्योतीने पेट घेऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइड असेल, तर कंदील जळत राहतो आणि माणूस कोसळतो. या वायूस कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला, धोका टळला, असे वाटू लागते. पहिला माणूस पडला की दुसरा त्यास काढावयास उतरतो आणि अनेकदा तोही वर येत नाही. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांमुळे आपल्या तालुक्याला ठिणगीची धास्ती माहीत आहे. येथे तर धास्ती वाटावी असे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मे २०२३ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तिघांचा अंत झाला. तेथेही काम कंत्राटदाराकडे होते. त्या तिघांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील अशा मृत्यूंसाठी भरपाईची रक्कम ३० लाख रुपये केली. २०१३ चा कायदा संरक्षक साधनांवाचून सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईस माणूस लावण्यास मनाई करतो आणि ही मनाई 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' अशी आहे. त्यातील 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द आमच्यासारख्या काम देणाऱ्या संस्थांना लागू पडतो.

बाहेरून येणाऱ्या कामगाराची सुरक्षा आणि रुग्णाची सुरक्षा या दोन निराळ्या बाबी नाहीत. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. टाकी, जनित्र, लिफ्ट, वीजजोडणी यांची देखभाल बहुतेक रुग्णालयांत बाहेरील माणसेच करतात. त्यांच्या कामात राहिलेली उणीव अखेर खाटेवरील रुग्णापर्यंत पोहोचते.

त्या दिवशी आम्ही काम थांबविले. मैला उपसणारी गाडी येईपर्यंत चार दिवस एका वॉर्डातील शौचालये बंद ठेवावी लागली. नातेवाइकांना अतोनात गैरसोय सोसावी लागली, काहींनी आम्हांस खडे बोलही सुनावले. त्याबद्दल आज जाहीर क्षमा मागतो.

त्यानंतर आम्ही काही नियम लेखी केले आहेत. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरणार नाही. काम यंत्रानेच होईल. छतावर, विजेवर वा प्राणवायूच्या नळांवर काम सुरू होण्यापूर्वी आमच्या जबाबदार कर्मचाऱ्याची स्वाक्षरी असलेला परवाना लागेल. विजेचे काम चालू असताना मुख्य स्विचला कुलूप राहील आणि त्याची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असेल. उंचीवरील कामास सुरक्षापट्टा आवश्यक राहील. हे सर्व दरपत्रकात धरल्याखेरीज दरांची तुलना होणार नाही. आणि कोणतेही काम धोक्याचे दिसल्यास ते थांबविण्याचा अधिकार मावशींपासून पहारेकऱ्यापर्यंत प्रत्येकास राहील.

वाढलेला खर्च तो हाच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकवितात की दायित्व वहीत लिहिले नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. इतकी वर्षे हे दायित्व आम्ही लिहिले नव्हते आणि ते दोन मजुरांच्या जिवावर उभे होते.

देणगीदारांस एक विनंती आहे. खाटेवर, खोलीवर आपले नाव लिहिता येते. सुरक्षापट्ट्यावर वा उपसा गाडीच्या भाड्यावर ते लिहिता येत नाही. तरीही आपल्या देणगीचा काही भाग या सदरास लावण्याची संमती आपण द्यावी. तो मजूर त्या दिवशी संध्याकाळी आपल्या घरी परतला. यापुढे आपल्या आवारात कामास येणारा प्रत्येक जण तसाच परतावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.