संगमेश्वरला उतरा

कोकण रेल्वेने जाताना संगमेश्वर रोड स्थानक मागे टाकू नका, उतरा. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमाचं हे गाव. १६८९ साली संभाजी महाराज इथेच पकडले गेले. जवळच्या कसब्यात कर्णेश्वराचं प्राचीन मंदिर आहे. तिथे घाई करू नका. काळ्या दगडावरचं कोरीवकाम निरखायला अर्धा दिवसही अपुरा पडतो.

देवरुखमार्गे मारळला गेलात, की सुमारे पाचशे पायऱ्या चढून मार्लेश्वराचं गुहामंदिर. गुहेत वीज नाही, समयांच्या उजेडात पिंडीचं दर्शन घ्यायचं. बाहेर समोरच धारेश्वर धबधबा कोसळत असतो. मकर संक्रांतीला इथे मार्लेश्वर आणि साखरप्याच्या गिरिजादेवीचा विवाह लागतो.

चालायची तयारी असेल, तर शृंगारपूर गाठा. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंचं हे माहेर. वर प्रचितगड, आणि त्यापलीकडे चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग २०१२ पासून जागतिक वारशातही आहे. गडाची वाट दाट रानातली, म्हणून गावातला वाटाड्या सोबत हवाच. वनखात्याची परवानगी आधी काढा, भर पावसात गडाकडे जाऊ नका आणि प्लास्टिकचा कपटाही रानात टाकू नका.