आकड्यांना कथानक हवे

उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ असलेल्या जेऊर परिसरात तांत्रिक माहितीची टंचाई नाही. उन्हाळा आला की ‘उजनी वजा तीस टक्के’ अशी बातमी येते. धरणातले पाणी शून्याखाली जाते म्हणजे काय होते, हे मात्र फार थोड्यांना नीट उमगते. सादरीकरणाच्या पडद्यावर तक्ता असतो : एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मृतसाठा 63 आणि उपयुक्त साठा 54. आकडे बरोबर असतात, पण ते एकाखाली एक नुसते उभे असतात. माझे म्हणणे असे आहे की, तांत्रिक सादरीकरण कंटाळवाणे होते ते आकड्यांमुळे नव्हे. एका आकड्यातून दुसरा कसा निघाला, हे कोणी सांगत नाही म्हणून ते तसे होते. ते सांगण्याची आपली सर्वांत जुनी रीत म्हणजे गोष्ट.

हीच माहिती पाण्याच्या मागोमाग चालत सांगून पाहा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस पडतो, पुण्याकडची धरणे भरतात, मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते आणि दौंडवरून उजनीत येते. दौंडचा विसर्ग साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) असेल आणि तो चोवीस तास टिकला, तर धरणात साधारण एक टीएमसीची भर पडते. आता क्युसेक आणि टीएमसी यांचे नाते वेगळे पाठ करावे लागत नाही. पुढे आवर्तने सुटतात, पातळी उतरते आणि उपयुक्त साठा संपतो. तिथे शून्य टक्के लागते. पण धरणात 63 टीएमसी असतेच. तेही उपसले जाऊ लागले की वजाची मोजणी सुरू होते आणि ती मोजली जाते उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने. म्हणून ‘वजा पन्नास’ म्हणजे मृतसाठ्यातले सुमारे 27 टीएमसी संपले, 36 उरले. काठावरचा केळी पिकवणारा शेतकरी तेव्हा पाईप आणि केबल वाढवत मोटार पुढे सरकवत असतो. त्याचा वाढता खर्च हा या गोष्टीतला शेवटचा आकडा आहे, आणि नेमका तोच तक्त्यात नसतो.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान म्हणजे करमणुकीची पुरवणी नव्हे, तिथे तत्त्वाची परीक्षा होते. गाडगेबाबांनी (1876–1956) स्वच्छता, कर्ज, पशुहत्या असे रोजच्या जगण्यातले विषय कीर्तनात आणले आणि ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारत पुढे नेले. उत्तर श्रोत्याच्या तोंडून आले की ते त्याचे स्वतःचे होते. आजच्या अभियंत्याने किंवा कृषी अधिकाऱ्याने एवढे एक कसब उचलले तरी सभागृह जागे राहील.

यावर पहिला आक्षेप असा की, गोष्टीने विषय पातळ होतो, जाणकारांना तिची गरज नसते. जयंत नारळीकरांचे उदाहरण याच्या उलट आहे. फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने 1974 साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. कथेसाठी त्यांना विज्ञान सोडावे लागले नाही. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, यावरच कथानक उभे राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे : गोष्ट फसवू शकते. शेतकरी मेळाव्यात ठिबक बसवलेल्या एका यशस्वी शेतकऱ्याचे एकरी विक्रमी टनेज सांगितले जाते. त्याची जमीन, त्याचे पाणी, त्याने घातलेले भांडवल आणि तेच ठिबक बसवूनही ज्यांचे पीक गेले ते शेजारी, हे सगळे गळते. ऐकणारा कर्ज काढतो. पण हा दोष अर्धवट गोष्टीचा आहे. तक्ताही सोयीची वर्षे निवडून तितकाच खोटा करता येतो. म्हणून सादरकर्त्यावर एक बंधन हवे : प्रयोग जिथे फसला तो प्रसंग गोष्टीत आलाच पाहिजे, आणि विक्रमी उत्पादनाबरोबर गावातले सर्वसाधारण उत्पादनही सांगितले पाहिजे. वेळ कमी असेल तर तांत्रिक वैशिष्ट्यांची यादी छापून हाती द्यावी, फसलेला प्रसंग मात्र तोंडानेच सांगावा, कारण श्रोत्यांचे प्रश्न तिथूनच निघतात.