पेन्शनर आणि जुनी होडी

पेन्शनीचा पहिला महिना गृहस्थाला सुखाचा जातो. दुसऱ्या महिन्यांत तो दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालीत हिंडतो, तिसऱ्यांत भिंतीवरचें घड्याळ खोलून बसतो, आणि चौथ्यांत घरांतील मंडळी त्याला पडवीचा एक कोपरा नेमून देतात. रत्नागिरीसारख्या गांवीं अशा कोपऱ्यांत रंधा, दोन पटाशा, करवत, गिरमिट आणि जाड फळीचें एक बाक एवढ्या भांडवलावर कारखाना उभा राहतो. प्रथम पाट होतात. इतके होतात कीं, तितके पाहुणे कधीं घरीं येत नाहींत. मग एखाद्याची नजर भाट्याच्या खाडीकडे वळते.

तेथें वाळूवर एखादी जुनी लांकडी होडी पडलेली असते. यंत्रें आलीं, फायबरच्या होड्या आल्या, तेव्हांपासून अशा लहान होड्यांची पूर्वीची पत राहिलेली नाहीं. मालक ती थोडक्यांत देऊन टाकतो. घेणाऱ्याला वाटतें, चार फळ्या बदलल्या कीं झालें. परंतु पाटाला काटकोन साधला कीं काम संपलें. होडींत काटकोन शोधूनहि सांपडत नाहीं. प्रत्येक फळीला बांक, आणि तोहि दोन्ही टोंकांशीं निराळा. आंतल्या बरगड्यांसाठीं जाणता सुतार निसर्गतःच वांकलेली फांदी शोधतो. सरळ लांकडांतून तसा आकार कापला, तर त्याचे तंतु मध्येंच तुटतात आणि पहिल्या धक्क्याला तें उकलतें.

रोगपरीक्षाहि सोपी नाहीं. खारें पाणी लांकडाचा मोठा वैरी नव्हे. पावसाचें गोडें पाणी सांचून राहिलें, कीं कुज धरते. त्याहून कपटी तो समुद्रांतील लांकूड पोखरणारा प्राणी. त्याला किडा म्हणतात, पण वास्तविक तो शिंपल्यांचा भाऊबंद. टांचणीएवढ्या छिद्रानें शिरतो आणि आंत पोकळी करीत वाढतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. म्हणून दाभण घेऊन हातभर जागा वीतवीत टोंचून पाहावी लागते.

आणि येथें मिस्त्री लागतो. ज्याच्या शेऱ्यावर तीस वर्षें कारकून धांवले, त्याला आतां फळी नीट धरा, असें ऐकून घ्यावें लागतें. कित्येकांचा छंद येथेंच संपतो. जो टिकतो, तो मोठ्या उमेदीनें फटींतून कापूस ठोकूं लागतो, आणि मिस्त्री त्याचा हात धरतो: “तात्या, इतकी फट भरूं नका. लांकूड पाणी प्यायलें कीं जागा मागतें.” खरेंच आहे तें. सुकलेली फळी पाण्यांत फुगते. फट गच्च भरलेली असली, तर ती फुगलेली फळी खिळ्यांनाच उपटूं पाहते. हें शास्त्र मिस्त्रीच्या बोटांत असतें. त्याचा मुलगा फायबरच्या कामाला गेला असला, तर तें बोटांतून पुढें जाण्यास हा पडवींतला शिष्यच काय तो उरतो.

या छंदाचा मोठा साधक अमेरिकेंत होऊन गेला. जोशुआ स्लोकम हा शिडाच्या जहाजांचा कप्तान. ते दिवस सरत आल्यानें १८९२ सालीं तो रिकामाच होता. एका मित्रानें त्याला फेअरहेव्हन येथें शेतांत झांकून ठेवलेली ‘स्प्रे’ नांवाची जीर्ण नौका देऊं केली. त्यानें जवळचाच ओक तोडून तिचा कणा केला. तेरा महिने खपून आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून तिची फळी न् फळी नवी केली. १८९५ च्या एप्रिलांत तो बॉस्टनहून एकटा निघाला, आणि ४६,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९८ च्या जूनमध्यें न्यूपोर्टला परतला. हा उत्तरार्ध पेन्शनरांच्या घरच्या मंडळींना न सांगितलेला बरा. रत्नागिरीकराला भाट्यापासून मांडवीपर्यंत गेलें तरी पुरे.

पावसाळ्यांत कोंकणच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनीं शाकारण्याची चाल आहे. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण झाला, कीं पडवींतली होडीहि खाडीवर नेतात. पाण्यांत लोटतांच ती सर्व फटींतून गळूं लागते. बघे हंसतात, तात्यांचा चेहरा उतरतो. मिस्त्री मात्र तिला तशीच उथळ पाण्यांत बांधून ठेवतो आणि घरीं जेवायला जातो. दोन दिवसांनीं नरोटीनें पाणी उपसावें. संध्याकाळीं पुन्हा पाहावें, तों तळाशीं बोटभरच सांचलेलें असतें. तेवढें प्रत्येक लांकडी होडींत असायचेंच.