गोरी कातडी आणि परमुलुखातले ऊन

त्वचेस वर्ण देणाऱ्या पेशींतून उद्भवणारा मेलॅनोमा हा कर्करोग जगात सर्वाधिक प्रमाणात आढळतो तो ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या मुलुखांत. कारण ब्रिटनच्या मंद उन्हास सरावलेले गौरवर्णी लोक तेथील प्रखर सूर्याखाली वस्तीस गेले, परंतु त्यांची त्वचा मात्र वाडवडिलांचीच राहिली. तांबूस केस, अंगावर पुष्कळ तीळ, रक्ताच्या नात्यात हाच विकार आणि विशेषेकरून बालपणी फोड येईतो उन्हाने पोळलेली कातडी, यांनी धोका वाढतो. कांती तांबूस व्हावी म्हणून पैसे मोजून कृत्रिम अतिनील किरणांखाली पहुडण्याची हौसही माणसाने केली. असे किरण सोडणाऱ्या उपकरणांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली कर्करोगकारक ठरविले, हे उचितच झाले.

आपल्या सावळ्या वर्णास हा रोग क्वचित होतो खरा. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायास, तळहातास किंवा नखाखाली, म्हणजे जेथे उन्हाचा संबंध नाममात्र तेथे, उद्भवतो. जमैकाचे गायक बॉब मार्ले १९८१ साली ज्या व्याधीने निवर्तले, तिचा आरंभ पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता. सबब तळव्यावरचा वाढता काळा डाग किंवा नखातील रुंदावत जाणारी काळी रेघ ही ठेचेची खूण समजून अंगावर काढू नये, डॉक्टरांस दाखवावी.