सगळं कर्ज एकत्र करावं का?



कपिलधारच्या पंचक्रोशीत सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती आले, की प्रश्न पडतो : सोसायटी, सावकार, दुकानदार या सगळ्यांसाठी एकच मोठं कर्ज काढावं, की ज्याचं त्याला वेगळं द्यावं?

आधी वहीत प्रत्येक कर्जाचा व्याजदर लिहा. पीककर्ज वेगळंच ठेवा. ते तीन लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून शून्य टक्के व्याज पडतं. मोठ्या कर्जात मिसळलं, की त्याच रकमेवर पूर्ण व्याज चढतं.

सावकाराचं मात्र पहिलं फेडा. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पन्नास हजारांवर १८,००० रुपये! बँकेचं कर्ज १२ टक्क्यांनी मिळालं, तर ६,०००. पण हप्ता लहान दिसतो म्हणून मुदत लांबवू नका. वाचलेलं व्याज पुन्हा जातं.

विनापरवाना सावकारानं जमीन लिहून घेतली असेल, तर घाबरू नका. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. फेडीची पावती जपून ठेवा.