बाळाचा श्वास मोजायला शिकू या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मी डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंगखात्यात आयुष्य काढलेला कामगार आहे. शाळा सातवीपर्यंत. पुढं जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. दरवर्षी या दिवशी आपण इतिहासावर बोलतो. यंदा कार्यकर्त्यांनी विचारलं, "काका, तुमचा विषय काय लिहू?" मी म्हणालो, "तान्ह्या बाळाचा खोकला." पोरं हसली. पण हा विषय का घेतला ते ऐका.

१९९२ चा हिवाळा होता. आमचं पहिलं मूल चार महिन्यांचं. मंडळी दौंडजवळच्या एका वाडीवर माहेरी होती. मी रात्रपाळी करून सुट्टीच्या दिवशी तिथं पोहोचलो. बाळ दोन दिवस खोकत होतं, अंगात ताप होता. मंडळी म्हणाली, "अवं, बाळाचं पोट लई उडतंय. दूध बी वढत नाय." सासूबाई म्हणाल्या, "डबा झालाय. चटका दिला की उतरंल." मी त्या काळी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलत होतो. पण त्या रात्री माझं तोंड उघडलं नाही. जावई माणूस, सासरवाडीत वाद नको वाटला. खिसा रिकामा, पगार चार दिवसांवर. म्हणालो, सकाळी पहिल्या गाडीनं दवाखान्यात जाऊ. बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे चटके दिले गेले. सकाळ झाली, पण गाडी धरायची गरज उरली नव्हती.

सासूबाईंना मी कधी दोष दिला नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. दोष माझा. मी "सकाळी" म्हणालो.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरं गमावली. राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या काळी गरिबाच्या घरी तान्हं मूल आजारी पडलं, तर करण्यासारखं फार थोडं होतं. आज पुष्कळ आहे. म्हणून आज आपण थांबलो तर त्याला दैव म्हणता येणार नाही.

बाळ गेल्यावर मी या आजाराविषयी मिळेल ते वाचू लागलो. आपल्या आज्या ज्याला डबा म्हणतात, तो बहुतेक वेळा न्यूमोनिया असतो. फुप्फुसात पाणी-पू भरतो, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही, म्हणून बाळ भराभर श्वास घेतं. पोट उडतं ते यामुळं. म्हणजे आजीनं ओळखलेलं लक्षण खरंच असतं, चुकतो तो उपाय. चटक्यानं फुप्फुसातला जंतू मरत नाही. बाळाला वर जखम होते आणि मोलाचे तास जातात.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच ध्यानात घेतलं. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ पासून सुमारे शंभर गावांत अभ्यास केला. काही गावांत गावातल्याच माणसांना, सुईणींना, बाळाचे श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवायचं साधं साधन केलं. त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानानं निम्म्याहून कमी झाले. १९९० साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या बायांनी हे करून दाखवलं. मग आपल्याला का जमू नये?

आता कसं मोजायचं ते सांगतो. सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाईल घ्या. बाळ रडत नसावं, दूध पीत नसावं. अंगावरचं कापड वर करून पोट बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्याचा श्वास कमीजास्त होतो. आकडे पाठ करा:

दोन महिन्यांच्या आतलं बाळ: ६० किंवा जास्त. पुन्हा एकदा मोजा, तेवढाच आला तर तडक मोठ्या रुग्णालयात.
दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त.

एवढा आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, सगळं ओकत असेल, ओठ निळे पडले असतील, झटके येत असतील, उठवूनही नीट जागं होत नसेल, तर मोजत बसू नका. तसंच निघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं किंवा अंगाला गार पडलं, तरी निघा.

सगळा खोकला न्यूमोनिया नसतो, हेही लक्षात ठेवा. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूनं येतो आणि काही दिवसांत जातो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. अशा वेळी बाळाला ऊब द्या, थोडं थोडं पण वारंवार अंगावर पाजा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्याआधी घाला. श्वास मात्र दिवसातून दोन-तीनदा मोजत राहा.

काय करू नये? नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली पाजू नका. खोकल्याचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य विभागानंही दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नयेत असं बजावलं. आणि आज्यांनो, राग मानू नका. बाळाला न्हाऊ घाला, मालिश करा, टोपडं बांधा. पण ओव्याची, लसणाच्या सालीची धुरी बंद करा. चुलीचा धूर, बापाची बिडी, सगळं त्या चिमूटभर फुप्फुसात जातं. मी कापसाची धूळ खाल्लेला माणूस आहे, धाप लागणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

लस चुकवू नका. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात देशभर फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना.

पैशाची अडचण सांगू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. गाडीसाठी १०८ ला फोन करा. तिथं कोणी टोलवलं तर कार्यकर्त्याला बोलवा, पण बाळाला घेऊन घरी परतू नका. आपल्या शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, गावातल्याच माणसांना शिकवून. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे हा विचार आपल्या मातीला नवा नाही.

गेल्या पावसाळ्यात आमची सात महिन्यांची नात खोकत होती. रात्रीचे दहा वाजलेले. सूनबाई म्हणाली, "मामा, घड्याळ धरा." तिनं मोजले बासष्ट. परत मोजले चौसष्ट. बाहेर पाऊस. खरं सांगतो, माझ्या तोंडावर तेच आलं होतं, सकाळी बघू. मंडळी काही बोलली नाही. तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि दारात जाऊन उभी राहिली. चार दिवस पोर ऑक्सिजनवर होती. आज ती समोर बसलीय, भाषणात गोंधळ घालतेय.

रिंगखात्यात धागा तुटला की हात लगेच जातो. तुटका धागा कोणी सकाळपर्यंत ठेवत नाही. बाळाचा श्वास त्याहून नाजूक आहे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. विहारात सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लावा आणि शेजारी हे तीन आकडे रंगवा. आणि तरुणांनो, दिवाळीनंतर आपल्या शिवारात ऊसतोडीच्या कोप्या पडतात, तिथं थंडीत तान्ही बाळं असतात. ती आपल्या समाजाची का कोणाची, ते विचारू नका. आशाताईंना सोबत घेऊन जा आणि त्या आयांना श्वास मोजायला शिकवा.