ढगाआडची वाफ



आम्ही पाटबंधारे खात्यातली माणसं. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि आकडा वर कळवायचा. पण तो पडून गेलेला पाऊस. विश्वामित्रीकाठच्या आपल्या घरांना हवा असतो पुढच्या पावसाचा अंदाज. २०२४ च्या ऑगस्टमधलं पाणी कुणी विसरलेलं नाही.

ऐन पावसाळ्यात डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून काढली, तरी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पाणी निघेल. मग एका दिवसात वीस सेंटिमीटर पडतो कसा? मागून नवी वाफ येत राहते म्हणून. ती येते समुद्रावरून, आणि भर समुद्रात फुगे सोडून हवा तपासायला वेधशाळा नाही. शिवाय वर ढगांचं झाकण. इन्फ्रारेड किरण तिथेच अडतात; मायक्रोवेव्ह लहरी बऱ्याच अंशी पार होतात.

पाण्याची वाफ १८३ गिगाहर्ट्झजवळ या लहरी जोरात शोषते आणि स्वतःही सोडते. नेमकं तिथेच ऐकलं तर वरच्या थरांची खबर मिळते. थोडं बाजूला सरकलं की खालच्या थरांची. रेडिओचं बटण फिरवावं तसं. तापमानासाठी ऑक्सिजन असाच उपयोगी पडतो, ६० आणि ११८ गिगाहर्ट्झजवळ.

अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने यासाठी ‘हॅमसर’ हे उपकरण बनवलं. आधी ते ईआर-२ विमानातून सुमारे वीस किलोमीटर उंचीवर गेलं; २०१० साली ‘ग्लोबल हॉक’ या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानातून कार्ल चक्रीवादळावर पुन्हा पुन्हा फिरलं. आम्हाला भावली ती त्याची शिस्त. फिरता आरसा दर फेरीत खालची हवा पाहतो आणि तापमान माहीत असलेल्या दोन काळ्या पृष्ठभागांकडेही वळतो, एक गरम केलेला, दुसरा भोवतालच्या तापमानाचा. म्हणजे दर मालामागे काटा तपासणारा वाणी! आमच्या मापकांची तपासणी वर्षातून एकदा झाली तरी आम्ही धन्य.

विमान मोहिमेपुरतं, रोजच्या नोंदीला उपग्रह लागतो. भारत-फ्रान्सच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’वर ‘सफीर’ हे १८३ गिगाहर्ट्झचंच, सहा वाहिन्यांचं उपकरण होतं. १२ ऑक्टोबर २०११ ला तो श्रीहरिकोट्याहून निघाला आणि ७ मार्च २०२३ ला प्रशांत महासागरावर त्याला मुद्दाम खाली आणून संपवलं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यावरूनच तो दिवसातून अनेकदा फिरे, आणि आपला अरबी समुद्र त्याच पट्ट्यात येतो.